आनंदीबाईंचा शेल

आनंदीबाई तुपे यांचं पत्र सोमवारी सकाळी ईमेलने आलं, तेव्हा श्रीधर आगाशे चहा घेत होते, आणि पत्र वाचून झाल्यावरही त्यांनी चहा अर्धवट सोडला नाही. कप रिकामा करून ते आपल्या खोलीच्या दारात आले आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते वाचून दाखवलं.

"'महोदय, आपल्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आमच्या संस्थेत बसवल्याला आज नववा दिवस. प्रोग्राम संगणकावर आहे असं आमचा संगणक विभाग म्हणतो. असा कुठलाही प्रोग्राम नाही, असं माझा संगणक म्हणतो. दोघांपैकी खोटं कोण बोलतं ते आपण येऊन ठरवावं. मागे एकदा आपल्याकडच्या एका मुलीने फोनवर मला शेल बदलायला सांगितला. मी बदलला, आणि माझं आठ दिवसांचं काम बसलं. ह्या खेपेला फोन करू नये. माणूस पाठवावा. आपली, आनंदीबाई तुपे, वरिष्ठ सांख्यिकी अधिकारी, दख्खन भूजल संस्था, येरवडा.'"

ऑफिस हसलं. ऑफिस म्हणजे कोथरूडला पौड फाट्याजवळच्या एका सोसायटीतले पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट, मधली भिंत पाडून एक केलेले, आणि त्यात बारा माणसं. श्रीधर आगाशे मूळचे शनिवार पेठेतले. त्र्याण्णव साली सरकारी नोकरी सोडून एका संगणकावर त्यांनी ही कंपनी सुरू केली, तेव्हा घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. आता दोन हजार बारा साल उजाडलं होतं आणि विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून नकाशे काढणारा त्यांचा प्रोग्राम सात संस्थांमध्ये चालत होता. भूजल संस्था त्यातली सगळ्यात जुनी.

हसण्यात दीपमाला उरकुडे नव्हती. ती खुर्चीतून उठली.

"सर, ती मुलगी मीच."

"कुठली?"

"फोनवरची. मी नवी होते तेव्हा. शेल बदला म्हणून मीच सांगितलं होतं."

श्रीधरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "छान. म्हणजे चोर शोधायचा खर्च वाचला. येरवड्याला लोक सहसा आपल्या पायांनी जात नाहीत. तू जातेस?"

"जाते."

"जा. त्यांच्या संगणकात दोन ओळी हाताने लिही, 'चुकलं' म्हण आणि ये. पाच मिनिटांचं काम आहे."

दीपमाला हिंगणघाटची. वडील तिथल्या जिनिंगमध्ये फिटर. इंजिनिअर होऊन ती पुण्यात आली, त्याला चार वर्षं झाली होती. पहिल्याच महिन्यात तिला फोनवर बसवलं होतं, आणि फोनशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता: अमुक तक्रार आली तर तमुक सांगा. त्या कागदावर लिहिलं होतं ते तिने ठणठणीत आवाजात सांगितलं होतं. "मॅडम, तुमचा शेल जुना आहे, बदलून टाका." समोरून "बरं" एवढंच ऐकू आलं होतं. ते "बरं" दीपमालाला आजही आठवत होतं. पत्र वाचलं जात असताना पहिल्या ओळीपासून तिला अंदाज आला होता.

शेल म्हणजे संगणकाशी टाइप करून बोलायची जागा. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक खूण. तिथे हुकूम लिहायचा आणि तो पाळला जातो. असे शेल पाच-सहा प्रकारचे आहेत आणि प्रत्येकाची भाषा थोडी वेगळी. एकाला कळतं ते दुसऱ्याला कळेलच असं नाही. सुरू होताना प्रत्येक शेल आपापली एक फाइल वाचतो आणि मालकाच्या सवयी त्यातून शिकतो. श्रीधरांचा प्रोग्राम बसवला की आपला पत्ता तो त्या फाइलीत लिहून ठेवत असे. मात्र एकाच प्रकारच्या शेलच्या फाइलीत: बॅशच्या. कारण ऑफिसात सगळे बॅश वापरत. ज्या शेलच्या फाइलीत पत्ता नाही, त्याला प्रोग्राम सापडत नसे.

* * *

दीपमाला अॅक्टिव्हावरून येरवड्याला पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. आनंदीबाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तीन भिंतींना लोखंडी कपाटं, कपाटांत जिल्हावार बांधलेल्या नोंदवह्या, आणि खिडकीपाशी टेबल. बाई सत्तावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, ताठ बसणाऱ्या. हडपसरच्या शेतकरी घरातल्या. लहानपणी ज्या मळ्यात त्यांनी गवार तोडली होती तिथे आता काचेची इमारत उभी होती, आणि त्या इमारतीतल्या पोरांना विहीर आणि बोअरवेल यातला फरक समजत नाही, हे त्या कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

दीपमालाने दारातच सांगून टाकलं. "बाई, मी आगाश्यांकडून आले. आणि फोनवर तुम्हाला शेल बदलायला सांगणारी मुलगी मीच."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "मग आज काय बदलायला सांगणार?"

"काही नाही. आज बदलायचं ते आम्ही. तुम्ही रोज काम कसं करता तेवढं मला पाहायचंय."

"बसा," बाई म्हणाल्या. आवाजात अजून काही सैल झालं नव्हतं, पण दुसरी खुर्ची त्यांनी स्वतः ओढून दिली.

मग दीपमाला तासभर नुसती बघत बसली. संस्थेत ब्याण्णव साली पहिला मोठा संगणक आला, तेव्हा तो बसवणाऱ्या इंजिनिअरने बाईंना टीसीशेल नावाचा शेल दिला होता आणि एक जाडजूड पुस्तक. क्लास नाही, शिक्षक नाही. बाईंनी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. वीस वर्षांत त्यांनी त्या शेलसाठी स्वतःचे त्रेचाळीस लघुहुकूम तयार केले होते. 'व्ही' टाइप केलं की विहिरींची यादी, 'व्हीजे' म्हटलं की जालन्यातल्या, 'उणे' म्हटलं की गेल्या वर्षीपेक्षा खाली गेलेल्या. बोटं चालत होती आणि चौदाशे विहिरींचा हिशेब पडद्यावरून सरकत होता. दीपमालाने इतक्या वेगाने काम करणारं माणूस आपल्या ऑफिसात पाहिलं नव्हतं.

आणि हे सगळं तिने एका फोनने बंद पाडलं होतं. बॅशला यातला एकही लघुहुकूम समजत नव्हता.

"मग आता पुन्हा टीसीशेल कसा?" तिने विचारलं.

"रोज सकाळी आल्यावर चार अक्षरं टाइप करते. टी, सी, एस, एच. बॅशच्या आत तो सुरू होतो. मग दिवसभर मी आणि तो."

"पण नोंद परत बदलून का नाही घेतली?"

"त्यासाठी सर्जेरावांकडे अर्ज करावा लागतो. अर्जात कारण लिहावं लागतं. कारण काय लिहू? एका मुलीचं ऐकलं?"

दीपमालाला हसू आलं आणि लाजही वाटली. पण डोकं मात्र भराभर चालायला लागलं होतं. संगणकाच्या नोंदवहीत बाईंच्या नावापुढे बॅश लिहिलेलं होतं, आणि प्रत्यक्षात बाई टीसीशेलमध्ये बसल्या होत्या. म्हणजे नुसती नोंद पाहून भागणार नव्हतं. या क्षणी खरोखर चालू काय आहे ते प्रोग्रामला कळायला हवं होतं.

"तुमचा प्रोग्राम विचारत का नाही पण?" बाई म्हणाल्या. "नवखा पाहुणा उंबऱ्यात थांबतो, चपला कुठे काढू म्हणून विचारतो. तुमचा सरळ देवघरात."

"बाई, तुमच्यासारखे इथे आणखी कोण आहेत?"

बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "चल, दाखवते," त्या म्हणाल्या, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही.

दुपारपर्यंत त्यांनी दोन्ही मजले पालथे घातले. संस्थेत त्रेसष्ट माणसं प्रोग्राम वापरत होती. त्यातल्या अकरांचा शेल वेगळा होता. कुणी नऊ दिवस प्रोग्राम उघडलाच नव्हता, कुणी रोज सकाळी शेजाऱ्याच्या संगणकावर जाऊन काम उरकत होतं. तक्रार एकट्या बाईंनी केली होती.

* * *

खाली जाण्याआधी दीपमाला संगणक विभागात डोकावली. विभागप्रमुख सर्जेराव मोहोळ सैन्यातून, सिग्नल्समधून, निवृत्त होऊन इथे आलेले. मुळशीकडचे. त्यांच्या टेबलावर कागद नव्हता, धूळ नव्हती, आणि संस्थेचा एकही संगणक त्यांनी बाहेरच्या इंटरनेटला जोडू दिला नव्हता.

तिचं म्हणणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"बसवा की," ते म्हणाले. "पण आमच्याकडं नियम हाय, ताई. सीडीतनं फाइल उचलली आन टाकली, असं चालत न्हाई. पॅकेज पायजे, म्हंजी सगळ्या तपशिलासकट नीट बांधलेलं गाठोडं. मूळ कोडपासनं माझ्या मशिनवर, माझ्यासमोर बांधायचं. बांधताना सगळ्या चाचण्या चालू ठेवायच्या. परवाना कुठला ते लिहायचं. आन खाली पॅकेज करणाऱ्या माणसाचं नाव."

"कंपनीचं नाव?"

"माणसाचं. उद्या बिघडलं तर कंपनीला झोपेतनं उठवता येतं का?"

दीपमालाने चारही अटी वहीत उतरवून घेतल्या. "शुक्रवारी येते," ती म्हणाली.

ऑफिसात परतल्यावर श्रीधर म्हणाले, "दोन ओळी लिहिल्यास?"

"नाही सर. अकरा माणसं आहेत. बावीस ओळी होतील, आणि पुढची आवृत्ती आली की परत बावीस. शिवाय बाकीच्या सहा संस्थांत कोण कोण गप्प बसलंय ते आपल्याला माहीत नाही. मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या."

"शुक्रवारपर्यंत तू काय करणार?"

"आपला प्रोग्राम बसताना आधी ओळखेल, माणूस कुठल्या शेलमध्ये बसलाय. मग त्याच्याच फाइलीत लिहील."

श्रीधरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "गुरुवारी संध्याकाळपर्यंत दाखवलंस तर शुक्रवार तुझा," ते म्हणाले.

सगळं नव्याने लिहायची गरज नव्हती. प्रोग्राम बसवायचं काम पर्ल या संगणकभाषेतल्या स्क्रिप्टने होत असे, आणि पर्लमध्ये लोकांनी लिहून जगाला मोकळी करून दिलेली हजारो मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचे तयार तुकडे, आहेत. मंगळवारी सकाळी दीपमालाने हवं ते शोधून काढलं. पोर्तुगालमधल्या एका गणिताच्या शिक्षकाने लिहिलेलं दोनशे ओळींचं मॉड्यूल. त्याची रीत साधी होती. प्रत्येक चालू प्रोग्रामला सुरू करणारा कुणीतरी असतो, त्यालाही सुरू करणारा दुसरा. मॉड्यूल असं एकेक पायरी वर चढत जायचं, आणि ज्याच्यासमोर खरा माणूस टाइप करत बसलाय असा पहिला शेल सापडला की त्याचं नाव सांगायचं. बाईंच्या बाबतीत ते बॅशच्या आधी टीसीशेलपाशीच थांबलं असतं. अगदी असंच हवं होतं.

पण मॉड्यूल आजवर कुणी पॅकेज केलेलं नव्हतं. दीपमालाने पॅकेजच्या तपशिलाची फाइल उघडली. नाव, आवृत्ती, थोडक्यात वर्णन, कशाकशावर अवलंबून, कसं बांधायचं, कुठे ठेवायचं. रकाने भरत ती परवान्यापाशी आली आणि थांबली. शिक्षकाने परवाना कुठे लिहिलाच नव्हता. वापरा, बदला, वाटा, असं एक अक्षर नव्हतं.

शेजारच्या टेबलावर शेफाली बसायची. दोघी एकाच वर्षी लागलेल्या. ती म्हणाली, "सगळ्यांचा असतो तोच टाकून दे ना. कोण बघतंय?"

"सर्जेराव बघतात."

"मग काय करणार?"

"ज्याचं आहे त्याला विचारणार."

तिने पोर्तुगालला पत्र लिहिलं, सरळ, चार वाक्यांचं. आम्ही पुण्यात विहिरींचं पाणी मोजतो, तुमचं मॉड्यूल आम्हाला हवंय, त्यावर परवाना लिहिलेला नाही, लिहाल का? बुधवारी सकाळी उत्तर आलेलं होतं. माणसाने माफी मागितली होती, परवान्याची फाइल घालून नवी आवृत्ती काढली होती, आणि खाली विचारलं होतं: विहिरी किती खोल असतात? दीपमालाने बाईंना फोन करून विचारलं आणि आकडे कळवले.

बुधवारी दुपारी पॅकेज तिच्या संगणकावर बांधून झालं. चोवीस चाचण्या, चोवीसही पास. शेवटचा रकाना उरला होता. तिने त्यात लिहिलं: दीपमाला उरकुडे, आणि स्वतःचा ईमेल.

श्रीधर मागे येऊन उभे राहिले होते. "इथे कंपनीचा सपोर्टचा पत्ता असतो."

"सर्जेरावांना माणूस हवाय, सर."

"मग माझं घाल. मालक मी आहे."

दीपमालाने खुर्ची वळवली. तिचा आवाज शांत होता. "सर, काही अडलं तर उत्तर मी देणार. तुमचं नाव घातलं तर लोक तुम्हाला लिहितील, तुम्ही मला विचाराल, आणि मी तुमच्यातर्फे सांगेन. पुन्हा भिंतीवरचा कागद. मागच्या वेळी नाव नव्हतं म्हणून तर बाईंना चार वर्षं कळलं नाही की भांडायचं कुणाशी."

श्रीधरांनी हनुवटी खाजवली. पुण्यातल्या माणसाला वादात हरण्यापेक्षा विषय बदलणं सोपं वाटतं. "स्पेलिंग नीट लिही," ते म्हणाले. "उरकुडेचं लोक काहीही करतात." आणि गेले.

* * *

गुरुवारी सकाळी ती पॅकेज घेऊन येरवड्याला गेली. शुक्रवारच्या आधी एकदा बघून घ्यावं, एवढाच हेतू. सर्जेरावांची पॅकेज बांधायची मशिन वेगळी होती. तिच्यासमोर कुणी बसत नसे. फाइल ठरलेल्या जागी ठेवली की ती आपोआप उचलून बांधायला घ्यायची.

पाच मिनिटांनी निकाल आला. तेवीस पास. एक नापास. पॅकेज नाही.

"एकच तर हाय," सर्जेराव म्हणाले. ते धीर देत होते की जोखत होते, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळणं अवघड होतं.

दीपमालाने शेफालीला फोन लावला, कारण नापास चाचणीचा मजकूर मोठ्याने कुणाला वाचून दाखवला की तिला सुचायचं. शेफालीने ऐकलं आणि म्हणाली, "अगं, एक ओळ घाल, चाचण्या वगळा म्हणून. सगळे तेच करतात. तुझ्या मशिनवर चालतंय ना? मग झालं."

"माझ्या मशिनवर चालतंय म्हणूनच तर बाईंचं बंद पडलं होतं," दीपमाला म्हणाली. "थांब. मी वाचून राहिले." घाईत तिच्या तोंडून हिंगणघाट बाहेर पडायचं.

चाचणी साधी होती. मॉड्यूल जो शेल सांगेल तो खरोखर वर कुठेतरी चालू असला पाहिजे. तिच्या ऑफिसात पॅकेज बांधताना ती स्वतः बॅशमध्ये टाइप करत बसली होती, म्हणून मॉड्यूलला बॅश सापडला. इथे मशिनसमोर माणूसच नव्हता. मॉड्यूल पायऱ्या चढत पार टोकाला गेलं, कुणीच सापडलं नाही. मग त्याने नोंदवही पाहिली. तिथे शेलच्या जागी 'या खात्यातून कुणी बसत नाही' अशी खूण होती. आणि एवढं सगळं हाती न लागूनही त्याने शेवटी खुशाल उत्तर दिलं होतं: बॅश.

दीपमाला त्या ओळीकडे बघत राहिली. माहीत नसताना ठणठणीत आवाजात सांगितलेलं उत्तर कसं असतं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"सर्जेराव, मला इथे एक टेबल मिळेल का? दोन तास."

"तीन घ्या," ते म्हणाले, आणि चहा सांगितला.

दुरुस्ती अकरा ओळींची झाली. कुणी सापडलं नाही तर मॉड्यूलने नोंदवहीवरून किंवा आपल्या मनाने अंदाज ठोकायचा नाही; 'माहीत नाही' असं स्पष्ट सांगायचं. मग कंपनीच्या स्क्रिप्टमध्ये तिने तेवढंच आणखी एक काम वाढवलं: 'माहीत नाही' असं उत्तर आलं तर समोरच्या माणसाला विचारायचं, आणि समोर माणूसच नसेल तर काहीही न लिहिता थांबायचं आणि तसं कळवायचं. 'माहीत नाही' या उत्तरासाठी तिने पंचविसावी चाचणी लिहिली. मूळ मॉड्यूलमध्ये आपण काय बदललं आणि का, ते पॅकेजमध्ये एका वेगळ्या फाइलीत नोंदवलं. फाइल ठरलेल्या जागी ठेवली.

ती आणि सर्जेराव दोघंही पडद्यासमोर उभे राहिले. ओळी वर सरकत गेल्या. पंचवीस चाचण्या, पंचवीस पास. पॅकेज तयार.

सर्जेरावांनी ते उघडून एकेक रकाना वाचला. परवान्यापाशी थांबून त्यांनी मूळ फाइल काढून ताडून पाहिली. नावापाशी आले. "उरकुडे म्हंजी कुठलं?"

"हिंगणघाट. वर्धा जिल्हा."

"एवढ्या लांबनं पॅकेज आलं म्हणायचं," ते म्हणाले, आणि त्यांनी संस्थेच्या यादीत ते चढवलं.

* * *

शुक्रवारी श्रीधर स्वतः आले. सोबत पेढे आणले होते, पण पिशवी त्यांनी आधी टेबलाखाली ठेवली. काम झाल्यावर काढू, म्हणाले. बाईंच्या खोलीत अकरांपैकी नऊ जण जमले होते, कुणी उभे, कुणी कपाटाला टेकून.

बाईंनी संगणक सुरू केला. नेहमीप्रमाणे चार अक्षरं टाइप केली आणि टीसीशेलमध्ये शिरल्या. मग बसवण्याचा हुकूम दिला.

पडद्यावर ओळ आली: आपण टीसीशेल वापरत आहात, त्याच्या फाइलीत नोंद करू का?

बाई ओळ दोनदा वाचून मग 'हो' म्हणाल्या. नव्या आवृत्तीचा नकाशा उघडला. जालना, बीड, उस्मानाबाद, लाल-निळ्या ठिपक्यांनी भरलेलं. त्यांनी 'उणे' टाइप केलं. लघुहुकूमही चालला.

"चालतंय," त्या म्हणाल्या. एवढंच. पण पाठीमागे कुणीतरी टाळी वाजवली.

मग शुभंकर बोरकर पुढे आला. तरुण शास्त्रज्ञ, सगळं काम आपल्या एडिटरच्या, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या, खिडकीतून करायची त्याला सवय. त्याने आपल्या लॅपटॉपवर शेल न उघडता तिथूनच हुकूम दिला. पडद्यावर आलं: आपला शेल ओळखता आला नाही. कृपया निवडा. खाली सहा नावं.

श्रीधर दीपमालाच्या कानाशी वाकले. "हे आपोआप व्हायचं होतं ना?"

ती उत्तर देणार तोच बाई बोलल्या. वळून न पाहता. "आगाशे, सहाशे फूट खाली पाणी असेल असं तुमचा नकाशा ठोकून सांगतो का, की तिथे मोजलं नाही असं लिहितो?"

"मोजलं नाही असं लिहितो," श्रीधर म्हणाले.

"मग?"

शुभंकरने तिसरं नाव निवडलं आणि त्याचंही चालू झालं. त्याच्यामागून बाकीच्यांनी आपापले संगणक उघडले. दुपारी एक वाजेपर्यंत अकराही जण कामाला लागले होते, आणि पेढ्यांची पिशवी टेबलाखालून वर आली. सर्जेराव दोन पेढे घेऊन गेले, आणि जाताना बाईंच्या टेबलावर एक कागद ठेवून गेले. शेलची नोंद बदलण्याचा अर्ज होता. कारणाच्या जागी त्यांनी स्वतःच लिहिलं होतं: कार्यालयीन सोय. बाईंनी सही केली.

निघताना बाई दीपमालाला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "माझी निवृत्ती तीन वर्षांवर आलीय," त्या म्हणाल्या. "हे त्रेचाळीस हुकूम माझ्यामागे कुणाला वापरायचे असतील तर त्यांचंही असं पॅकेज होतं का?"

"होतं की. पण परवाना तुम्ही लिहायचा. आणि नावही तुमचंच."

"माझं?" बाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. "पुढच्या मंगळवारी ये. अकरा वाजता. जेवायला थांब."

दीपमाला मंगळवारी गेली, आणि त्यापुढचे पाच मंगळवारही.

पोर्तुगालच्या शिक्षकाने तिची दुरुस्ती जशीच्या तशी घेतली आणि बदलांच्या यादीत तिचं नाव लिहिलं, पुढे स्वल्पविराम देऊन पुणे. पॅकेजही तिने इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. श्रीधरांनी ते छापून आपल्या खोलीत लावलं, कुणी विचारलं तर म्हणायचे, "आमच्याकडची आहे. स्पेलिंग बरोबर आहे, मी पाहिलंय." उरलेल्या सहा संस्थांत चौकशी केली तेव्हा आणखी एकोणीस जण गप्प बसलेले सापडले. त्यांच्याकडे दीपमालाच जाऊन आली. फोनशेजारचा कागद तिने काढून टाकला, आणि त्या जागी काहीच लावलं नाही.

पुढल्या उन्हाळ्यात तिला एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. नैरोबीहून. हवामान खात्यात काम करणारा, कधी न ऐकलेला एक शेल वापरणारा. त्याने लिहिलं होतं की तिचं पॅकेज त्याचा शेल ओळखत नाही. 'माहीत नाही' म्हणतं, हे बरं आहे, पण त्याला ओळख करून द्यायची आहे. काय करावं?

दीपमालाने खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहायला घेतलं. "नमस्कार. मी दीपमाला. सगळ्यात आधी तुम्ही रोज काम कसं करता ते सांगा."